आयकर खात्याला मान्य असलेलं लग्न

लग्न होऊन चौदा महिने झाले तरी कालिंदी दर रविवारी सकाळी नवऱ्याला पाहुण्यासारखं दार उघडून "या" म्हणत होती. नवरा काही मुलखाबाहेर नव्हता. तो याच कलकत्त्यात, फोर्ट विल्यममध्ये, अविवाहित अधिकाऱ्यांच्या मेसमधल्या एका खोलीत राहत होता आणि ती बालीगंजला आईवडिलांच्या घरी. दोघांच्या मध्ये एक मैदान आणि एक ट्राम, एवढंच काय ते अंतर. पण ते भारत सरकारने घातलेलं असल्यामुळे ट्रामने कापलं जात नव्हतं.

सैन्याचा नियम असा, की अधिकाऱ्याला पंचवीस पुरी होईपर्यंत त्याची बायको हिशेबात धरायची नाही. लग्नाला बंदी नाही, करा हवं तर. पण कुटुंबासाठी घर नाही, भत्ता नाही, काही नाही. लेफ्टनंट चारुदत्त दिघे याला पंचवीस व्हायला चांगले वीस महिने होते, म्हणून थांबायचंच ठरलं होतं. तेवढ्यात कालिंदीचे वडील मनोहर सबनीस, जे स्वतः आयकर अधिकारी, त्यांच्या कानपूरच्या बदलीचा कागद आला. मुलीचं उरकूनच जाऊ, म्हणून मार्गशीर्षात घाईघाईने बार उडवून दिला. नवीन जोडपं पुरीला तीन दिवस राहून परत आलं, तर बदली रद्द झाल्याचा कागद येऊन पडला होता. तेव्हापासून खाकी सरकारी पाकीट नुसतं दिसलं तरी कालिंदीच्या डोक्यात तिडीक जायची.

रविवार म्हणजे तर छळच होता. आई, म्हणजे प्रेमलताबाई, शनिवारपासूनच जावयाच्या तयारीला लागायच्या. चक्का टांगलेला, अळूची पानं कुठूनशी मिळवलेली, पाटाभोवती रांगोळी. चौदा महिने दर आठवड्याला एखाद्याचा दिवाळसण करायचा म्हणजे काय, हे त्या बाईंनाच जमो. जेवण झालं की बाबा जावयाला घेऊन बैठकीत बसायचे आणि वर्तमानपत्रातल्या बातम्यांवर त्याची तोंडी परीक्षा घ्यायचे. चार वाजता चहा. साडेचारला चारुदत्त उठायचा, कालिंदी "पोचवून येते" म्हणायची, आणि मग जिन्यात त्यांना आठ मिनिटं मिळायची. नवव्या मिनिटाला आई गॅलरीत येऊन खाली बघायची, कारण ट्राम चुकेल ही तिला काळजी. त्या आठ मिनिटांत बोलायचं तरी काय आणि किती, या विचारातच निम्मी मिनिटं जायची.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी चारुदत्तने त्याच जिन्यात सांगितलं, की पंधरा मेला त्याला नागा टेकड्यांत जायचं आहे. परत कधी, ते कोणी सांगत नाही. यादी करताना अविवाहित अधिकाऱ्यांची नावं आधी घेतली होती.

कालिंदी कठड्याला धरून उभी राहिली. "म्हणजे मी नाहीच का?" तिने विचारलं.

"कागदावर नाहीस," तो म्हणाला.

त्याची पंचविशी नऊ ऑगस्टला होती. तीन महिन्यांनी चुकामूक. कालिंदीला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप, आणि तो कोणावर काढावा हेही कळेना. तेव्हा चारुदत्तने आपला बेत सांगितला. पंधरा मेपर्यंत अकरा आठवडे होते. सरकार घर देत नसलं तर आपलं आपण घ्यायचं. शहराच्या दक्षिण टोकाला, बेहाल्यात, त्याने एक खोली बघून ठेवली होती. वरच्या मजल्यावर, पुढे सज्जा, महिना चाळीस रुपये. फक्त मेसबाहेर राहायची कर्नलसाहेबांची परवानगी हवी, ती काय, मिळेल. तो गेल्यावरही तिने तिथेच राहावं, म्हणजे परत आल्यावर त्याला स्वतःच्या घरी येता येईल. कालिंदीने त्याच आठवड्यात स्टोव्ह, दोन ताटं आणि दोन वाट्या घेऊन पलंगाखाली लपवून ठेवल्या. तिला आयुष्यात एवढंच हवं होतं, की नवऱ्याच्या ताटात आपल्या हातची आमटी वाढावी आणि तो उठून कुठेही जाऊ नये.

पुढच्या रविवारी तो आला तो चेहरा पाडून. कर्नलसाहेबांनी त्याचा अर्ज दोनदा वाचला आणि रजिस्टर मागवलं. रजिस्टरात लेफ्टनंट दिघे अविवाहित. अविवाहित अधिकारी बेहाल्यात एका बाईबरोबर राहायची परवानगी मागतो, याला मी काय समजू, असं साहेबांनी विचारलं.

"पण लग्न झाल्याचं तुम्ही कळवलं होतंत ना?" कालिंदीने विचारलं.

चारुदत्त टोपी झटकायला लागला. कळवलंच नव्हतं. पंचविशीच्या आत धरत नाहीत, असं कोणीसं सांगितलं, तर त्याने विचार केला, धरतच नाहीत तर कळवायचं कशाला. पूल बांधायचं शिक्षण घेतलेला माणूस, नद्यांची खोली मोजणारा, आणि हा विचार करून चौदा महिने निवांत झोपला. कालिंदीला वाटलं की त्याला जिन्यावरून ढकलून द्यावं. पण ढकलला असता तर आठातली तीन मिनिटं वाया गेली असती, म्हणून तिने फक्त पुढे काय ते विचारलं. साहेब माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला होता, लग्न झाल्याचा एखादा सरकारी कागद आण, मी परवानगी देतो.

आता आला का प्रश्न. लग्न बालीगंजच्याच एका हॉलमध्ये लागलं, भटजींनी लावलं. कागद कसला? भटजी त्यानंतर काशीला गेले ते तिकडचेच झाले. लग्नपत्रिका नेऊन दाखवली, तर साहेब म्हणाले, पत्रिका काय, कोणीही छापेल. बाबा पत्र द्यायला तयार होते, पण सासऱ्याचं पत्र म्हणजे घरचंच. उरला फोटो. तो काढला होता भवानीपूरच्या एका बंगाली फोटोग्राफरने. त्याला आपल्या विधींचा पत्ता नव्हता, आणि त्याने नेमका क्षण पकडला तो अंतरपाट धरलेला असतानाचा. फोटोत मध्यभागी एक लख्ख पांढरं कापड होतं, त्याच्या एका बाजूला मुंडावळ्यांच्या मागे कोणाचा तरी चेहरा आणि दुसऱ्या बाजूला हार धरलेले दोन हात. त्या हातांवरून कालिंदी ओळखू येते असं फक्त तिच्या आईलाच वाटत होतं.

तोवर निदान खोली तरी पक्की करावी म्हणून एका गुरुवारी ती एकटीच बेहाल्याच्या ट्रामने गेली. घरमालकीण सुचित्रा माशिमा, म्हणजे मावशी, एका कोर्टातल्या कारकुनाची विधवा. पांढरी साडी, चष्मा, आणि त्या चष्म्यावरून बघायची सवय. त्यांनी कालिंदीला वरून खाली पाहिलं, मग हातांकडे, मग भांगाकडे.

"शाँखा कोथाय? शिंदूर कोथाय?" त्यांनी विचारलं.

कालिंदीने गळ्यातलं मंगळसूत्र दाखवलं, हिरव्या बांगड्या दाखवल्या, कपाळावरचं कुंकू दाखवलं, आणि आमच्यात असंच असतं म्हणून मोडक्यातोडक्या बंगालीत समजावलं. माशिमांनी ऐकून घेतलं. काळे मणी त्यांच्या लेखी काळे मणीच होते. हातात शंखाच्या बांगड्या नाहीत, भांगात शेंदूर नाही आणि खोली हवी एका फौजी माणसाबरोबर राहायला. माझं घर तसलं नाही, असं त्यांनी सभ्यपणे सांगितलं.

घरी येईपर्यंत कालिंदीची कानशिलं तापली होती. पण तिला दोन ताटं आठवली. पुढच्या गुरुवारी तिने आईच्या चोरून कालीघाटहून शंखाच्या बांगड्या आणल्या, पुडीभर शेंदूर घेतला आणि ट्रामस्टॉपजवळच्या दुकानाच्या आरशात बघून भांगात कपाळापासून टाळूपर्यंत ठासून भरला. मोठ्या दिमाखात माशिमांसमोर जाऊन उभी राहिली. माशिमांनी दार अर्धंच उघडलं. मागच्या गुरुवारी काहीच नव्हतं आणि या गुरुवारी सगळं आहे, एका आठवड्यात काय झालं, असं त्यांनी विचारलं. आणि सगळं आहे, तर डाव्या हातातलं लोखंडी कडं कुठे आहे? त्या लोखंडी कड्याचं नावही कालिंदीने ऐकलं नव्हतं. सरकारी कागद आणशील तर दार उघडीन, असं म्हणून माशिमांनी ते लावून घेतलं.

तो शेंदूर तीन दिवस निघाला नाही. आईने विचारलं तेव्हा कालिंदीने सगळंच सांगून टाकलं, पलंगाखालच्या स्टोव्हसकट. ऐकून प्रेमलताबाई पलंगाखाली वाकून बघायला गेल्या. बाबांनी फक्त चष्मा पुसला.

बाबांशी तिचं आधीच बिनसलं होतं, आणि ते ज्या गोष्टीवरून, ती म्हणजे कर. पंचावन्न साली कायदा बदलला होता: एकट्या माणसाला हजार रुपयांपर्यंत कर माफ, लग्न झालेल्याला दोन हजारांपर्यंत. मागच्या उन्हाळ्यात बाबांनी जावयाचा पगाराचा कागद सहज हातात घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला. जावयाला अविवाहित धरून कर कापला होता. "सत्तेचाळीस रुपयांचं सोडा," ते म्हणाले होते, "कागदावर खोटं आहे." त्यांनी त्याच दुपारी चारुदत्तला बसवून विवरणपत्र भरायला लावलं. त्या रविवारची जिन्यातली आठ मिनिटंही त्यातच गेली.

चारुदत्तचं कराबद्दलचं मत पूर्वीपासून ठाम होतं. पगाराचे सगळे पैसे द्यायचेच नाहीत तर आधीच कमी द्या. आधी हातावर ठेवायचे आणि मग मागून घ्यायचे, असं लंगरात कोणी जवानांच्या पोळीबाबत केलं तर दंगा होईल. बाबा म्हणायचे, कर ही वर्गणी आहे, देशात राहतो त्याची. चारुदत्त म्हणायचा, मी देशासाठी डोंगरात जाणार, ती वर्गणी नाही का? त्यावर बाबा शांतपणे उत्तर द्यायचे, की ती वेगळ्या रकान्यात धरतात.

कालिंदीचं मत कोणी विचारलं नव्हतं, पण तेही होतं. आयकर अधिकाऱ्याची मुलगी म्हणून ती वाढली होती. दिवाळीला व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या मिठाईच्या टोपल्या बाबा उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत, आणि गडी नसला की त्या परत पोचवायला कालिंदीला पाठवत. आठ वर्षांची मुलगी काजूकतलीची टोपली डोक्यावर घेऊन परत द्यायला चालली आहे, आणि तिला त्यातला एक तुकडाही घ्यायची परवानगी नाही. कर म्हटलं की तिला अजून तो वास यायचा. एका खात्याने तिची मिठाई नेली होती आणि दुसऱ्याने नवरा.

मार्चच्या मध्याला खाकी पाकीट आलं. आयकर कचेरीने लेफ्टनंट दिघे यांना कळवलं होतं, की आपण विवाहित असल्याचं म्हणता, पण आपल्या नोकरीच्या दाखल्यात अविवाहित लिहिलं आहे. तरी एकोणीस तारखेला पत्नीसह हजर राहून तसं सिद्ध करावं.

कालिंदी ते पत्र हातात घेऊन हसायला लागली. तिला हसताना पाहून आई घाबरली. साहेब म्हणतात सिद्ध कर, माशिमा म्हणतात सिद्ध कर, आता हेही म्हणतात सिद्ध कर. पण दुसऱ्यांदा वाचताना तिचं हसू थांबलं. पत्नीसह हजर राहावं, असं लिहिलं होतं. सरकारच्या एका तरी खात्याने तिला बोलावलं होतं. आणि त्या खात्याने विवाहित असं लिहून दिलं, शिक्का मारून, तर तो कागद सरकारी. तो साहेबांना चालेल आणि माशिमांनाही. मिठाई नेलेल्या खात्याकडे तिने पहिल्यांदाच आशेने पाहिलं.

त्याच कचेरीत, दोन मजले वर, बाबा बसत होते. एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं. कालिंदीने जेवताना तसं सुचवलं.

"माझ्या जावयाचं काम त्या मजल्यावर आहे," बाबा म्हणाले, "म्हणून सध्या मी त्या मजल्यावर पायसुद्धा ठेवत नाही. जिन्याने न जाता लिफ्टने जातो."

बस्स, एवढंच. वर त्यांनी भाताला तूप मागून घेतलं. कालिंदी पान अर्धं टाकून उठली. मुलगी घरी आहे, हाताशी आहे, औषधं वेळेवर मिळतात, वर्तमानपत्र मिळतं. यांना कशाला घाई असेल? हा विचार मनात आल्याची तिला लाज वाटली, पण तो गेला नाही. चार दिवस ती बाबांशी बोलली नाही, आणि बाबांनी तेही नियमानुसारच असल्यासारखं मानून घेतलं.

एकोणीस तारखेला दोघं कचेरीत गेली. चारुदत्त गणवेशात, कालिंदी लग्नातल्या शालूत, कारण आईचा तसा हट्ट होता. मार्चच्या उकाड्यात, व्यापाऱ्यांच्या आणि त्यांच्या मुनीमांच्या मध्ये, जरीच्या काठांत गुदमरत ती तीन तास बाकावर बसली. दोन वाजता त्यांचं नाव पुकारलं.

अधिकारी तरुण होता, दाक्षिणात्य, बोलायला नीटस. त्याने पत्रिका पाहिली आणि बाजूला ठेवली. मग फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. हे कापड कसलं, असं विचारलं. चारुदत्तने अंतरपाट म्हणजे काय ते इंग्रजीत समजावलं, पण वधूवरांनी एकमेकांना पाहू नये म्हणून धरतात असं सांगितल्यावर अधिकारी म्हणाला, की मलाही ते दोघं दिसत नाहीयेत. तो थट्टा करत नव्हता. लग्नाला स्वतः हजर असलेलं कोणी शपथेवर सांगायला आणता येईल का, आज नसेल तर पुढची तारीख देतो, एप्रिलच्या अखेरची, असं तो म्हणाला.

एप्रिलची अखेर. कालिंदीने मनात आठवडे मोजले, त्यानंतर पंधरा मेपर्यंत दोनच उरत होते. आता मात्र तिला रडू यायला लागलं, आणि त्याचाही तिला राग आला, कारण शालू नेसून सरकारी कचेरीत रडणारी बाई तर कोणालाच खरी वाटणार नाही.

तेवढ्यात शिपायाने पुढे येऊन एक चिठ्ठी टेबलावर ठेवली. दीड वाजल्यापासून एक साक्षीदार बाहेर थांबले आहेत, असं तो म्हणाला. अधिकाऱ्याने चिठ्ठी वाचली आणि तो खुर्चीवरून उठूनच उभा राहिला. दार उघडलं. पलीकडच्या बाकाच्या अगदी शेवटी, दोन मुनीमांच्या आड, मांडीवर टोपी ठेवून बाबा बसले होते.

अधिकारी स्वतः दारापर्यंत गेला. तो काम शिकला होता ते बाबांच्याच हाताखाली. सर, आपण इथे का बसलात, आत यायचं, असं तो म्हणाला. बाबांनी खिशातून एक कागद काढला. अर्ध्या दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज, मंजूर केलेला. "दीडपासून मी या कचेरीत नोकरीवर नाही," ते म्हणाले. "पक्षकारांचा साक्षीदार आहे. बोलावलंत, आलो."

खुर्ची दिली ती त्यांनी घेतली नाही. साक्षीदार उभ्याने सांगतात, म्हणून उभे राहिले. कालिंदीने आयुष्यात पहिल्यांदा बाबांना टेबलाच्या अलीकडच्या बाजूला पाहिलं. त्यांनी शपथ घेतली, नाव सांगितलं, वय सांगितलं. मार्गशीर्षातली ती तारीख, हॉलचा पत्ता, भटजींचं नाव, सगळं न अडखळता सांगितलं. ही माझी मुलगी, हिचं कन्यादान मी केलं, या माणसाच्या हातावर मी पाणी सोडलं. फोटोत ज्या हातांत हार आहे ते हिचे हात, आणि अंतरपाटाचं डावं टोक धरलेली जी बोटं दिसतात ती भटजींची. अधिकारी लिहून घेत होता. शेवटी त्याने नियमाप्रमाणे विचारलं, आणि विचारताना मान खाली घातली, की या प्रकरणाच्या निकालात साक्षीदाराचा काही स्वार्थ आहे का.

बाबांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली.

"आहे," ते म्हणाले. "लिहून घ्या. माझी मुलगी चौदा महिने माझ्या घरी आहे. तिला तिचं घर मिळावं, हा माझा स्वार्थ आहे."

अधिकाऱ्याने ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. बाबांनी चष्मा लावून वाचून पाहिलं, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि सही केली. चारुदत्त खिडकीबाहेर बघत उभा होता. कालिंदीने डोळे पुसायला शालूचा पदर घेतला, तर जरी टोचली.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, की येणार होतात तर आधी सांगायला काय झालं होतं. चार दिवस मी उपाशीतापाशी, तुमच्याशी अबोला धरून. बाबांनी आश्चर्याने तिच्याकडे पाहिलं. साक्षीदाराने साक्षीच्या आधी पक्षकारांशी त्या विषयावर बोलायचं नसतं, एवढंही या मुलीला ठाऊक नाही, असा त्यांचा चेहरा होता. या माणसावर रागवावं की याच्या पाया पडावं हे तिला कळेना. तिने दोन्ही केलं, कचेरीच्या पायऱ्यांवरच.

पण सरकार ते सरकार. निकालाचा कागद टंकून, तपासून, नोंदवून यायला सहा आठवडे लागले. घाई करा असं बाबा सांगणार नव्हते, आणि आता तिने सांगायला लावलंही नाही. ती रोज पोस्टमनची वाट बघायची आणि रोज कॅलेंडरकडे बघून दात ओठ खायची. अकरा आठवड्यांचे आठ झाले, मग पाच, मग तीन. तीस एप्रिलला खाकी पाकीट आलं. विवाहित, असा स्पष्ट शब्द, खाली तीन सिंहांचा शिक्का, आणि सेहेचाळीस रुपये चौदा आणे परत.

कर्नलसाहेबांनी कागद वाचला, दिघ्याला लग्न न कळवल्याबद्दल दहा मिनिटं उभा करून झाडलं आणि अकराव्या मिनिटाला परवानगीवर सही केली. बेहाल्याला माशिमांनी चष्मा नाकावर सरकवून कागद शेवटपर्यंत वाचला. कारकुनाची बायको ती. शिक्का कसा बघायचा ते तिला ठाऊक होतं. मग त्यांनी किल्ली काढून दिली. खोली तेव्हापासून रिकामीच होती. कोणी चांगले भाडेकरू आलेच नाहीत, असं त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या. त्या महिन्याचं भाडं परत आलेल्या करातूनच दिलं.

दोन मे ते पंधरा मे. तेरा दिवस. चारुदत्त सायकलवरून किल्ल्यात जायचा आणि संध्याकाळी घरी यायचा. कालिंदीची आमटी पहिल्या दिवशी खारट झाली, दुसऱ्या दिवशी पातळ, तिसऱ्या दिवशी जमली. जेवून झालं की तो कुठेही जात नव्हता. आठ मिनिटं झाली तरी जात नाही, तास झाला तरी जात नाही, याची तिला पहिले चार दिवस सवयच होईना. काय काय बोलायचं म्हणून चौदा महिने साठवलं होतं, ते राहूनच गेलं. दोघं सज्ज्यात बसून खाली रस्त्यावरच्या ट्रामा मोजायची.

चौदाव्या दिवशी तो गेला. डोंगरातून त्याची पत्रं यायला लागली, भिजलेली, कोपरे फाटलेली. एकात त्याने लिहिलं होतं, की कराबद्दलचं माझं मत मी मागे घेतो, बाबांना सांग. सगळ्या सरकारात मला बायको आहे हे ठाऊक असलेलं तेच एक खातं निघालं. बाबांनी ते वाचलं आणि म्हणाले, की मत मागे घ्यायला हरकत नाही, पण यंदाचं विवरणपत्र अजून भरलेलं नाही.

ऑगस्टच्या तेरा तारखेला खाकी पाकीट आलं. फोर्ट विल्यमहून, लेफ्टनंट दिघे यांच्या नावे, मेसच्या पत्त्यावरून फिरून बेहाल्याला. आपणांस पंचवीस वर्षं पूर्ण झाली असल्याने आपण कुटुंबासाठी निवासस्थान मिळण्यास पात्र झाला आहात. आपण विवाहित असल्यास पुराव्यासह सोबतचा तक्ता भरून पाठवावा.

तिने ते दोनदा वाचलं. फाडून टाकावं असं वाटलं, मग खिडकीतून फेकून द्यावं असं वाटलं, मग कर्नलसाहेबांच्या टेबलावर नेऊन आपटावं असं वाटलं. खालून माशिमांनी हाक मारून काय झालं म्हणून विचारलं, तर काही नाही, सरकारचं पत्र आहे, एवढंच तिने सांगितलं. संध्याकाळी बाबा आले. त्यांनी पत्र पाहिलं आणि पिशवीतून आयकराच्या निकालाची एक प्रत काढून दिली. मे महिन्यातच त्यांनी रीतसर फी भरून तीन करून घेतल्या होत्या.

सही चारुदत्तची लागणार होती, त्यासाठी तक्ता डोंगरात पाठवायचा होता. पण रकाने तिने आपल्या हाताने भरले. विवाहित की अविवाहित, तिथे विवाहित लिहिलं. पुरावा सोबत जोडला. शेवटचा रकाना होता, निवासस्थान कोणत्या तारखेपासून हवं. तिथे ती बराच वेळ थांबली. बाबा समोर बसले होते, आणि तारखेच्या रकान्यात तारीखच लिहायची असते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं. मग तिने लिहिलं, लेफ्टनंट दिघे परत येतील त्या दिवसापासून. बाबांनी ते चष्मा लावून वाचलं आणि काही दुरुस्त केलं नाही.